आपल्याच गाडीचं

त्या रविवारी आम्ही अर्नाळ्याला गेलो, ते पावसाळ्यासाठी सुके बोंबील सांगून ठेवायला. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण आईला गाडी काढायला कारण हवं असायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती गाडी शिकली. बाबांना येत नव्हती, मला शिकायची नव्हती. मी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसायचे आणि बाबा मागे.

"पायलट, आज हवामान कसं आहे?" गाडी फुलपाड्यातून बाहेर पडताना बाबांनी विचारलं.

"गप्प बसा, नाहीतर इथेच उतरवीन."

"विमानातून मध्येच उतरवता येत नाही."

"ढकलता येतं," आई म्हणाली आणि गिअर बदलला.

रोझीचं घर गल्लीच्या टोकाला आहे. पुढे लगेच वाळू सुरू होते. आई तिच्याकडून वर्षानुवर्षं मासळी घ्यायची आणि रोझीची मुलगी क्रिस्टिना आईच्या वर्गात होती, म्हणून रोझी आईला बाईच म्हणायची.

"मे महिना अर्ध्यावर आला, तेव्हा आठवन झाली होय, बाई?"

"तुझे बोंबील काय पळून जातात?"

"पळत नाय, संपतात. आता हे वाळतायत ते दुसऱ्यांचे, पुढचे तुमचे. सुकले की फोन करते."

निघताना गाडी मागे घ्यावी लागली. गल्लीत सगळीकडे जाळी पसरलेली होती. मी एका प्रकरणाच्या शेवटच्या पानावर होते. बाहेर रोझीचा नवरा ऑगस्टीन "अजून या, अजून, बस, बस" असं ओरडत होता आणि मग एकदम सगळे हसले. मी मान वर केली तेव्हा आई खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत होती, "किती मासे मिळाले?" ते आणखी हसले. काय झालं ते मी विचारलं नाही. पान उलटलं.

घरी आल्यावर आईने आमच्या जागेत, दोन खांबांच्या मध्ये, गाडी लावली. इंजिन बंद करून तिने नेहमीसारखं विचारलं, "मधोमध आहे ना गं?"

"हं," मी म्हटलं.

"प्रवाशांनी आपापलं सामान घेऊन उतरावं," मागून बाबा म्हणाले.

ती उतरली आणि नेहमीसारखी गाडीभोवती फिरून दोन्ही बाजूंचं अंतर स्वतःच बघून आली. मागच्या चाकाशी ती वाकली.

"हे बघ काय पडलंय."

बोटाच्या पेराएवढा तुकडा होता. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, आरपार भोक. वरून काळा, चिकट. आकाराच्या मानाने चांगलाच जड.

"आपल्याच गाडीचं आहे," आई म्हणाली. "सकाळी इथे काही नव्हतं. मी झाडलंय."

ते खरं होतं. गाडी काढण्याआधी ती आमची जागा खराट्याने झाडायची. सोसायटीचा झाडूवाला तिला हसायचा.

बाबांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "जितेशला दाखव उद्याच्या उद्या. वाटेत चाक निखळलं तर लोक मला हसतील."

"तुम्हाला का?"

"बायकोच्या हातात दिली म्हणून."

आईने तुकडा कागदात गुंडाळून माझ्याकडे दिला. "तुझ्या पर्समध्ये ठेव. माझ्याकडून हरवेल." मग तिने जितेशला फोन केला. त्याचं गॅरेज वालीवला आहे. तो म्हणाला, आणा सकाळी, बघतो. त्यानंतर आईने कोलंबी साफ केली, दुपारी झोपली, संध्याकाळी शेजारच्या बाईंना रोझीच्या बोंबलांबद्दल सांगितलं, आणि रात्री मला म्हणाली की दिवा बंद कर, डोळे जातील. एवढाच तो दिवस. मी पुन्हा पुन्हा त्यात काहीतरी शोधते आणि काहीच सापडत नाही.

सोमवारी मी कामावर गेले. आई गाडी घेऊन वालीवला निघाली. तुकडा माझ्या पर्समध्येच राहिला होता. तिच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. कारखान्यांकडे वळणाऱ्या रस्त्यावर गाडी फूटपाथवर चढली आणि विजेच्या खांबावर आदळली. समोर कुणी नव्हतं. दुसरं वाहन नव्हतं. जवळच्या चहावाल्याने सांगितलं की वळणाशी गाडीचा वेग कमी व्हायला हवा होता, तो वाढला. मी पोचले तेव्हा आईला दवाखान्यात नेलं होतं आणि तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

*

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच वाक्य सांगत. "पाय चुकला. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर." ते रडत नव्हते. दारात चपला वाजल्या की ते ताठ बसायचे, आणि कुणी काही विचारायच्या आतच म्हणायचे, पाय चुकला.

लोकांना ते लगेच पटायचं. "या वयात शिकायचं म्हणजे..." एक मावशी म्हणाली आणि पुढचं गिळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चहाचे कप विसळता विसळता मला म्हणाल्या, "आमचे हे म्हणूनच मला चावीला हात लावू देत नाहीत." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी कपसुद्धा नीट पुसून ठेवले.

गाडीच्या तपासणीत काय निघालं ते आम्हाला कळवण्यात आलं. गाडीचा पुढचा भाग पूर्ण चेपल्याने अपघाताआधी ब्रेक कसे होते हे निश्चित सांगता येत नाही, असं होतं. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. 'निश्चित सांगता येत नाही' यासारख्या वाक्यावर खूण करून ते लेखकाकडे परत पाठवायचं, हे माझं काम. हे कुणाकडे पाठवायचं ते मला माहीत नव्हतं. पण माझ्याकडे तो तुकडा होता. गाडीतून आदल्या दिवशी काहीतरी पडलं होतं, आणि ते काय आहे हे कुणीतरी नाव घेऊन सांगितलं असतं, तर बाबांचं वाक्य खोटं ठरलं असतं. मला तेवढंच हवं होतं. आई परत येणार नव्हती, हे मला कळत होतं. तिचा पाय तरी तिला परत मिळावा.

वसई पूर्वेला सुट्या भागांचं एक मोठं दुकान आहे. काउंटरवरच्या माणसाने तुकडा हातात घेतला, उजेडात धरला, भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"कुठून पडलं?"

"माहीत नाही. मागच्या चाकाजवळ सापडलं."

"गाडी घेऊन या ना मग."

"गाडी आणता येणार नाही."

त्याने आतल्या माणसाला हाक मारली. दोघांनी तो हातात तोलून पाहिला, नखाने खरवडला. काळ्या थराखाली राखाडी रंग निघाला. "दांड्यावर बसवतात तो बुश नाही," एक म्हणाला. "बुश एवढा जड कुठे असतो?" दुसरा म्हणाला, "केबलच्या टोकाला निपल असतो, तसलं वाटतंय. वायर ह्या भोकातून जाते."

"कुठली केबल?"

"जुनी गाडी आहे ना? क्लचची असेल. हँडब्रेकची असेल. ॲक्सिलरेटरची असेल."

"ॲक्सिलरेटरची केबल अडकली तर?"

"अडकली तर गाडी पळणार. दुसरं काय होणार, मॅडम?"

मला बरं वाटलं. दुकानातून बाहेर आल्यावर मी उसाचा रस प्यायले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच कशाची तरी चव लागली.

घरी येऊन बाबांना सांगितलं. "बाबा, इतक्यात पाय चुकला म्हणू नका. केबल गेली असेल कदाचित." मी तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. त्या रविवारी त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला होता. आता त्यांनी चहाचा कप दुसऱ्या बाजूला सरकवला.

"तो जितेश काय म्हणतो?"

"उद्या जाते."

"जा," ते म्हणाले. मग कप उचलून, "पण पायच चुकला तिचा."

*

गाडी जितेशच्या गॅरेजमागे निळ्या ताडपत्रीखाली होती. पोलिसांकडून सुटल्यावर त्यानेच ती टेम्पोला बांधून आणली होती, न सांगता. ताडपत्री काढण्याआधी तो थांबला.

"ताई, तुम्ही तिकडे बसा. मी बघून सांगतो."

"मी इथेच उभी राहते."

पुढची बाजू मी पाहिली नाही. मी ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं. ती नेहमीसारखी अगदी पुढे ओढलेली होती. तिच्यावर आईने जुन्या साडीपासून शिवलेली उशी होती. उंची कमी पडायची म्हणून. उशीवर काचेचे कण होते.

जितेशने पहारीने बॉनेट उचकटलं. बराच वेळ तो वाकून काम करत राहिला. तुकड्याला त्याने लोहचुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही.

"लोखंड नाही. हे शिसं आहे, ताई. चाकाच्या बॅलन्सिंगला शिशाची वजनं ठोकतात, पण त्यांना क्लिप असते. असं भोक नसतं."

"केबलचं असेल ना मग? दुकानवाला म्हणाला..."

"इकडे या. हात घाला. ही ॲक्सिलरेटरची केबल. ओढा."

मी ओढली. ती माझ्याबरोबर आली आणि सोडल्यावर सरकन जागेवर गेली. दोन्ही टोकांचे निपल होते तिथेच होते. त्याने क्लचची दाखवली, हँडब्रेकची दाखवली. सगळ्या जागच्या जागी.

"आणि ब्रेक?"

"ऑइलची नळी तुटलीय. धडकेत तुटली की आधी, मी कसं सांगू? आधी तुटली असती तर काकूंना पेडल पोकळ लागलं असतं. तुमच्या गल्लीतच कळलं असतं." तो हात पुसत राहिला. पुसून झाल्यावरही. "पण हे ब्रेकमधलं नाही. या गाडीत असलं काही नसतंच. मी ही गाडी कितीदा उघडलीय. ठणठणीत होती."

"मग हे कुठून आलं?"

"खरंच माहीत नाही." त्याने तुकडा मला परत दिला. "त्या दिवशी मी गॅरेज लवकर उघडून बसलो होतो. दुसरी गाडी लिफ्टवर चढवलीच नाही. म्हटलं काकू येतील, त्यांना थांबायला लागलं की त्या माझं मराठी सुधारत बसतात."

आम्ही दोघांनीही हसायला हवं होतं. त्याने ताडपत्री पुन्हा ओढली आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

*

आईचा फोन मी चार्ज करून ठेवायचे. का, ते सांगता येणार नाही. त्यावर जाहिरातींखेरीज काही येत नसे. एका सकाळी तो वाजला.

"बाई, बोंबील सुकले. कडक झालेत एकदम. कधी येता?"

माझा आवाज आईसारखा आहे असं सगळे म्हणतात.

"येते," मी म्हटलं.

"गाडी सांभाळून आना, जाळी आहेत अजून," रोझी म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बसने गेले. स्टॉपवरून चालत गल्लीत शिरले तेव्हा रोझी दारातच होती. तिने माझ्या मागे, रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"बाई कुठे? गाडी बाहेर लावली?"

"आई गेली, रोझी मावशी. गाडीचा अपघात झाला. इथून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती उंबऱ्यावर बसली. कपाळाला, छातीला, खांद्यांना तिचा हात लागला. मग ती माझ्यावर चिडली. "आनि फोनवर बोलली नाय? मी बाईच समजले. सांभाळून आना म्हनते मी! कोनाला सांगत होते मी?" शेवटी ती उठून आत बोंबील बांधायला गेली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मी घराच्या मागच्या बाजूला आले. ऑगस्टीन तिथे बसला होता. विटांच्या चुलीवर लोखंडी कढई होती आणि तिच्यात काहीतरी चकाकत होतं. शेजारी नवं जाळं पडलं होतं. त्याच्या खालच्या दोरीला ओळीने तुकडे ओवलेले होते, बोटाच्या पेराएवढे, मध्ये फुगीर, टोकांना निमुळते.

मी पर्स उघडली. कागद सोडला. माझा तुकडा त्या ओळीशेजारी धरला. त्याच्यावरचा काळा थर सोडला तर काही फरक नव्हता.

ऑगस्टीनने मान वर केली. दारातलं बोलणं त्याने ऐकलं होतं. डोळ्यांवरून कळत होतं. "हे तर आमचं," तो हळूच म्हणाला. "जाळ्याचं वजन. त्या दिवशी बाईंच्या चाकात जाळ्याची कड आली ना. ओढून काढली तवा दोन-चार तुटली. मी बोललो, बाई, तुमच्या चाकाने जाळं खाल्लं. तर बाई काय म्हनतात, किती मासे मिळाले?"

त्याचं हसू अर्ध्यावर आलं आणि थांबलं.

डांबर, वाळू आणि तेल लागून ते चाकाच्या खाचेत बसलं असणार. अर्नाळ्यापासून फुलपाड्यापर्यंत टिकलं आणि आमच्या जागेत, आईने झाडलेल्या फरशीवर, पडलं.

चुलीजवळ पत्र्याच्या डब्यात आणखी शिसं होतं: वाकडे, चपटे तुकडे, काहींना लोखंडी क्लिप अजून चिकटलेल्या. जितेशने सांगितलेलं मला आठवलं.

"हे गाड्यांचं आहे ना?"

"टायरवाल्याकडून आनतो. चाकांची पडलेली वजनं. वितळवायची, साच्यात ओतायची."

"म्हणजे हेसुद्धा गाडीचंच होतं."

"गाडीचंच. पन कुठल्या गाडीचं ते कोन सांगनार? वितळलं की सगळं एकच."

बोलता बोलता त्याने हात पुढे केला. तो तुकडा त्याचाच होता, आणि मी तो त्याच्या तळहातावर ठेवला. सवयीने त्याने तो रॉकेलच्या फडक्याने घासून स्वच्छ केला आणि तयार तुकड्यांच्या ढिगात टाकला. मग त्याच्या लक्षात आलं. "तुला पायजे होता काय?" त्याने ढिगात बोटं घातली, एक उचलला, दुसरा उचलला. दोन्ही सारखेच राखाडी दिसत होते.

"नको," मी म्हटलं. "असू दे."

*

बसमध्ये बोंबलांची पिशवी मांडीवर होती आणि बाजूची बाई नाकाला पदर लावून बसली होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. तुकड्याला नाव मिळालं होतं. गाडीतून काहीही पडलं नव्हतं. केबल ठीक होती, चाकं ठीक होती. त्या तुकड्याने गाडीचं काही बिघडवलं नाही. फक्त सोमवारी सकाळी आईला घराबाहेर काढलं. तो पडला नसता तर आई त्या रस्त्याला गेली नसती. आणि त्या वळणावर काय झालं, हे होतं तिथेच राहिलं. निश्चित सांगता येत नाही.

बाबा खाली पार्किंगमध्ये उभे होते. हल्ली ते संध्याकाळी खाली येतात आणि आमच्या जागेत कुणी स्कूटर लावलेली असली तर ती ढकलून बाजूला करतात. ते काम आत्ताच झालं असावं. त्यांचा श्वास जोरात चालला होता.

"बोंबील?" त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"तिने सांगून ठेवले होते."

"हं."

मी पिशवी खांबाशी टेकवली. "बाबा, तो तुकडा कळला. मासेमारीच्या जाळ्याचं वजन आहे. अर्नाळ्याला चाकात अडकलं होतं."

ते खांबाच्या पिवळ्या रंगाकडे पाहत राहिले.

"म्हणजे गाडीचं नव्हतं."

"नाही."

"गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं."

"जितेश म्हणतो, ठणठणीत होती."

मी त्यांच्या वाक्याची वाट पाहत होते. आता ते म्हणायला त्यांना कुणाचीही आडकाठी उरली नव्हती. पण त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"मग तिला जायचं कारणच नव्हतं," ते म्हणाले. "दाखवायलाच काही नव्हतं. उद्याच्या उद्या दाखव, असं मीच तिला..." ते थांबले. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. "पाय चुकला असेल," ते म्हणाले, आणि या वेळी ते मला विचारत होते. "असंच झालं असेल ना गं? पायच चुकला असेल?"

हो म्हटलं असतं तर त्यांना त्या रात्री झोप लागली असती. नाही म्हणायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. साधा शिशाचा तुकडाही नव्हता. होती ती फक्त शेजारची सीट. इतकी वर्षं मी तिथे बसले होते. तिच्या गाडी चालवण्याने मला एकदाही पुस्तकातून मान वर करायला लावली नव्हती, ना खड्ड्यात, ना वळणावर, ना त्या गल्लीत मागे जाताना.

मी दोन खांबांच्या मध्ये पाहिलं. फरशीवर चाकांच्या दोन फिकट पट्ट्या होत्या. दोन्ही बाजूंना सारखंच अंतर होतं.

"मधोमध आहे," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पार्किंगमध्ये आवाज घुमतो, आणि तो अगदी तिच्यासारखा आला. "आई, मधोमध आहे. तू गाडी छान चालवायचीस."